वहिनींनी धरलेला सूर

वाद्यवृंदात त्यांना सगळे वहिनी म्हणत. मागे उभा राहून भलामोठा डबल बास वाजवणारा माणूस त्यांचा सख्खा दीर. तो वहिनी म्हणतो म्हणून वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्तरांपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. वाजवायच्या व्हायोला. व्हायोलिनपेक्षा जरा थोराड आणि आवाजाला जाडसर, हा फरक लोकांना सांगून सांगून थकल्यावर त्यांनी तो नाद सोडून दिला होता.

समोरच्या कागदावर लिहिलंय ते कानामात्रेचा फरक न करता वाजवायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. ऐन मध्ये बसून दोन्हीकडचे सूर सांधण्यात त्यांना सुख होतं.

अशात दादा आले. दादा सॅक्सोफोनवाले. लहानसहान हॉलमध्ये चौघा साथीदारांबरोबर जॅझ वाजवण्यात त्यांचे केस पिकले होते. मागे तंतुवाद्यांचा ताफा घेऊन एक अल्बम करावा, हे त्यांच्या डोक्यात फार दिवस घोळत होतं. मास्तरांनी तंतुवाद्यांचं सगळं लिहून काढलं. दादांचं मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. ते ऐन वेळी सुचेल ते वाजवणार.

स्टुडिओत पहिले काही दिवस मजेत गेले. एक खुर्ची कुरकुरत होती, तिची बाहेर रवानगी झाली. दादा दर खेपेला वेगळंच वाजवत. यातलं खरं कुठलं, म्हणून व्हायोलिनवाले वैतागत आणि दीर गालातल्या गालात हसे. मग दादांनी नवीन खूळ काढलं. एका संथ रचनेत त्यांना कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, तेही न लिहिलेलं. मास्तरांची नजर फिरत फिरत वहिनींवर येऊन थांबली. वहिनींनी नाही म्हणून पाहिलं, पण ऐकतो कोण. तयारीला आठवडा मिळाला.

वहिनींच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत बसून वहिनींनी सुरांचं एक गोड वळण बांधलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि चक्क पाठ करून टाकलं. दोन दिवसांनी बाहेर काच बसवता बसवता नवरा तेच गुणगुणत होता. म्हणाला, आता हे मलाही येतं. वहिनींनी गज खाली ठेवला. चष्मेवाल्याला तोंडपाठ झालेलं ते ऐन वेळी सुचलेलं कसलं? पण दुसरं काही जवळ नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दादांनी सुरुवातच अशी खोल, थकलेली केली की वहिनी चपापल्या. त्यांची पाळी आली. गोड वळणाचे दोन-तीन सूर वाजले आणि त्यांचं त्यांनाच कळलं, कुणी आपलं दुखणं सांगत असताना आपण मध्येच विनोद सांगतो आहोत. त्या होत्या त्याच सुरावर थबकल्या. डोकं रिकामं. रेकॉर्डिंग चालू असताना थांबणार तरी कसं? म्हणून तोच एक सूर धरून त्या गज ओढत राहिल्या. दादांनी डोळे उघडून एकदा पाहिलं. मग ते वर गेले, भटकले, पार लांब गेले आणि सावकाश उतरत त्याच सुरापाशी येऊन टेकले.

संपल्यावर वहिनींना मान वर करवेना. "माफ करा दादा. पाठ करून आले होते, तेही निम्म्यात सुटलं."

"पाठ केलेलं कळलं मला," दादा म्हणाले. "पण नंतर तुम्ही थांबलात ना? लोक साथीला म्हणून येतात आणि माझ्याही पुढे पळत सुटतात. आज मी एवढा फिरून आलो, तर दार उघडं ठेवून कुणीतरी बसलेलं होतं."

मास्तरांनी तरीही आणखी दोनदा घेतलं. त्या दोन्ही वेळा वहिनींनी आपलं गोड वळण अख्खं वाजवलं, बिनचूक. मग सगळ्यांनी तिन्ही ऐकली. कोणतं ठेवायचं यावर मास्तर घुटमळले, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "पहिलं." मग त्यांनी विचारलं, सुरुवातीचे ते दोन-तीन सूर तेवढे कापता येतील का?

"नाही," दादा म्हणाले. "माणूस बोलायला तोंड उघडतो आणि मग ऐकतच राहतो. ते तसंच राहू दे."

अल्बम निघाला. नवरा तो दुकानात लावायचा. नाकावर नुसती फ्रेम घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही आमची." गिऱ्हाईक विचारी, सॅक्सोफोन? "छे, त्याच्या खालचं. जरा कान द्या." आणि ते बिचारं खरोखरच कान देऊन बसे. आतल्या खोलीत वहिनींना हसू येई.

पुढच्या वर्षी दादांनी दुसऱ्या अल्बमसाठी बोलावलं. वहिनींनी आधीच विचारून घेतलं, या वेळी लिहिलेलं असेल ना?

"थोडंफार," दादा म्हणाले.

वहिनींनी गजाला राळ लावली आणि निघाल्या. या खेपेला पाठ काहीच केलं नव्हतं.