तिला ‘कोल्ड’ म्हणायचं का?

मंडळी, आज दुपारी इकडे परदेशात, ओंगारमधल्या आमच्या घरी मी इस्त्री करत होते. कॉलेजात जुनं अमेरिकन साहित्य शिकणारी माझी लेक सई समोर बसून निबंध लिहीत होती.

विषय होता वसाहतींच्या काळातल्या एका बाईची रोजनिशी. त्या बाईनं एका ओळीत तान्ही मुलगी गेल्याचं लिहिलंय आणि लगेच पुढच्या ओळीत लोणी काढल्याचं.

“शी इज सो कोल्ड, आई,” सई म्हणाली.

मी म्हटलं, “अगं, तुझे आजोबा गेले त्या दिवशी मी फोनवरच त्यांचं शेवटचं दर्शन घेतलं आणि दोनच्या मीटिंगला बसले. मी तरी वेगळं काय लिहिलं असतं?”

माझे वडील नाशिकला वारले, त्याला तीन आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. हे बोलतानाही आलं नाही.

सईनं उठून इस्त्रीचं बटण बंद केलं. थोडा वेळ माझा हात धरून उभी राहिली. मग जागेवर जाऊन तिनं ‘कोल्ड’ हा शब्द काढून टाकला.

“देन व्हॉट डू आय कॉल हर?”

निबंध उद्या द्यायचाय आणि ती जागा अजून कोरीच आहे. तुम्ही काय लिहिलं असतं?