म्हैस आडवी आली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हासुद्धा एवढा भाग वगळूनच जोडतो. आज लिहायला बसलोय ते धीर आला म्हणून नव्हे, भीती वाढली म्हणून. गुरुवारी गुंडप्पा मामांचा फोन आला.

मामांच्या नातवाला पिकअप घ्यायचीय. छोटी घ्यावी की मोठी, यावरून घरात रोज भांडण. मामा म्हणाले, "माधवाला इचारल्याबिगर गाडी बुक करायची न्हाई म्हणून सांगून ठिवलंय म्या. तू गाड्यातला माणूस हाइस. तू खरं सांगशील." मी म्हणालो, बघून सांगतो मामा. चार दिवस झाले. अजून मी काही सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात भ्यायचं काय? माल किती, रस्ता कसा, गाडी रोज लागते की कधीमधी — एवढं विचारायचं आणि सांगून टाकायचं. पुण्याच्या पुढं एका यार्डात मी नव्या गाड्या उतरवून घेतो, गिऱ्हाइकाला फिरवून दाखवतो. दिवसातून चार जण तरी मला हेच विचारतात. मीही शहाण्यासारखं उत्तर देतो. पण पहिल्यांदा हा प्रश्न मला ज्यांनी विचारला, त्यांना मी काय सांगितलं — आणि ते खरं ठरवायला काय केलं — तिथवर मला यायचंय. एकदम येता येत नाही. थोडं फिरून येतो, सांभाळून घ्या.

माझं गाव कंधारजवळ. शाळा सातवीत सुटली. पंचविसाव्या वर्षी उदगीरला आप्पांच्या पेंडीच्या दुकानात लागलो. सरकी, पेंड, भुसा, जनावरांचं सगळं खाद्य. आप्पांनी मला गोदामावरची खोली दिली. लायसन काढायला स्वतः बरोबर आले, फॉर्मवर कुठं काय लिहायचं ते बोट ठेवून दाखवलं. त्यांच्या मंडळी, अक्का, मला घरच्यांच्या पंगतीत वाढायच्या. माझ्या ताटात तूप कमी पडलेलं मला आठवत नाही. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं वाचताना तुमच्या ध्यानात राहावं म्हणून.

दुकानात छोटा चारचाकी टेम्पो होता. चालवायला मी, मागं हौद्यात गुंडप्पा मामा. मामा तिथले जुने हमाल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. गावोगावची जनावरं चारा छावणीत नेऊन बांधलेली. आमची पेंड छावणीत जायची, आणि सकाळच्या एका खेपेला आप्पांच्या शेतातल्या विहिरीचं पाणी गल्लीत यायचं. फुकट. हजार लिटरची काळी टाकी. मामा टाकीवर थाप मारून पाणी कुठवर आहे ते सांगायचे. भरलेली असली तर टच्च आवाज, रिकामी असली तर ढब. एकदाही चुकलेले मी पाहिले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा उठली. आधीही उठायची, पण या वेळी लोकांनी फारच मनावर घेतली. चौकातल्या चहावाल्यानं पाटी रंगवून "जिल्हा टी हाऊस" करून टाकलं. कलेक्टर येणार, ऑफिसं येणार, बांधकामं निघणार, मग माल वाहायला कोण? आपणच की! आमच्या एका गल्लीत चार मोठ्या पिकअप आल्या. जिल्ह्याचा पत्ता नाही, गाड्या आधी हजर. समोरचे अण्णा त्यांच्या पिकअपमधून एकदा मंडईतून कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. मामा हौद्यातूनच ओरडले, "अण्णा, जुडीला पट्टा लावला का न्हाई? वळणावर पडंल की!" सगळी गल्ली हसली. अण्णाही हसले.

मीही हसलो. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

आप्पांचा पुतण्या लातूरहून कायमचा राहायला आला होता आणि हौसेनं टेम्पो चालवायला लागला होता. दोनदा फाटकाला घासला, तरी चालवायला लागला होता. मी मनात म्हणायचो — घरचा माणूस गाडी चालवतोय, मग माझं इथं काय काम? काढलं तर जायचं कुठं? गावाकडं विहिरीचा तळ दिसत होता. रात्रंदिवस हेच. पण मोठी गाडी आली तर? मोठी गाडी आप्पा त्याच्या हातात देणार नाहीत. मोठी गाडी आली तर मी राहतो.

आप्पांची एक रीत होती. कुठली वस्तू घ्यायची तर ती ज्याच्या हातात राहणार त्यालाच ते विचारायचे. काटा घ्यायचा तर हमालाला, शेगडी घ्यायची तर अक्कांना. आणि विचारायचे ते सकाळी लिंगपूजा झाल्यावर, समोरच्याच्या कपाळाला विभूती लावून. त्या घरात विभूती लावलेल्या कपाळानं कुणी खोटं बोलत नसे. तशी शपथबिपथ नव्हती. बोलत नसत, एवढंच.

मला विभूती लावली आणि म्हणाले, "माधव, आपल्याला खरंच गरज हाय का मोठ्या गाडीची? का समदे घ्यायलेत म्हणून आपण घ्यायची?"

छोटीनं सगळं भागत होतं. पेंड भागत होती, पाणी भागत होतं. हजार लिटरची टाकी ती गाडी निमूट ओढत होती. मी म्हणालो, "न्हाई भागत, आप्पा. पाणी भरलं की वळणावर झोले खाते."

त्यांनी विभूतीचा डबा मिटला. मग म्हणाले, "उद्या मी येतो संगं. बघू."

झालं. आता ती गाडी झोले खायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतात टाकी काठोकाठ भरली. मामांनी झाकण लावलं. आप्पा बांधावरच्या वाडवडलांच्या समाधीला बेल वाहायला गेले होते, मामा त्यांना बोलवायला गेले. मी एकटाच राहिलो. आणि मी टाकीचा कॉक सोडला.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं — भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी वाईट. भरलेलं पाणी गप्प बसतं. अर्ध्या पाण्याला हलायला जागा मिळते, वळणावर ते सगळं एका अंगाला धावतं. आप्पांना हे ठाऊक नव्हतं. पेंडीचा माणूस तो, त्यांना कसं ठाऊक असणार?

गल्लीत बाया घागरी मांडून बसलेल्या असणार, हे मला दिसत होतं. कोण कुठल्या घागरीपाशी बसतं तेही माहीत होतं. आणि मी अर्धी टाकी मातीत सोडत होतो. जमिनीनं आवाजसुद्धा केला नाही, नुसतं पीत राहिली. मला वाटलं होतं ओल लगेच सुकेल. सुकली नाही. बाभळीवरून एक चिमणी उतरली, मग पाच-सहा, मग मधमाश्या. त्या उन्हाळ्यात एवढी ओल कुठंच नव्हती. कुठून कुठून येत होत्या कोण जाणे. मी कॉक बंद केला, गाडी वीस पावलं पुढं घेतली. आरशात पाहिलं तर चिमण्या नाचत होत्या.

आप्पा आले, माझ्या शेजारी बसले. मामा मागं चढायला लागले. एक पाय हौद्यात, एक खाली, आणि सवयीनं टाकीवर थाप मारली. मी आरशात बघत होतो.

मामा नीट चढायच्या आत मी गाडी सोडली. आणि हॉर्न दिला. समोर नुसता मोकळा शेतरस्ता होता, आणि मी हॉर्न दाबूनच धरला.

वळण पन्नास पावलांवर होतं. पाणी एका अंगाला धावलं, गाडी कलली, पुन्हा चाकांवर आली. मागं मामा नव्हते. ते वळणाच्या दगडांवर पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. लातूरला नेलं, हाड बसवलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. पुन्हा त्यांनी पोतं उचललं नाही.

दवाखान्यात आप्पांनी मला विचारलं, "हॉर्न कशाला दिला रे तू? समोर तर काही नव्हतं." मामा खाटेवर होते, डोळे मिटलेले. तसेच म्हणाले, "म्हैस आडवी आली हुती, आप्पा. तुमी मोबाइलात बघत हुता. माधवानं गाडी आवरली म्हणून निभावलं."

मी म्हणालो, "हाव. म्हैस होती."

मामांना दवाखान्यातून सोडलं आणि आठवड्यात आप्पांनी मोठी पिकअप आणली. छोटीच्या पायी माणूस अधू झाला, याची बोच त्यांना लागली होती. मामांना खुर्चीत बसवून दुकानापुढं आणलं, नारळ त्यांच्याच हातानं फोडला. मामांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. मी तो खाल्ला.

ती गाडी कशाला लागली म्हणता? पाऊस पडला, पाण्याची खेप थांबली. छावणी उठली, पेंडीची मागणी पूर्वीसारखी झाली. जिल्हा झाला नाही. एवढ्या थोरल्या हौद्यात कोपऱ्यात आठ पोती घेऊन मी गावोगाव फिरायचो. वर्षभरानं पुतण्याचा हात बसला आणि तोच ती चालवायला लागला. आणि मला काढलं का? नाही. आप्पांनी मला काट्यावर बसवलं. काढायचं त्यांच्या मनातही नव्हतं, कधीच नव्हतं. पुढं मीच तिथून निघालो. मामांच्या काठीचा आवाज दुकानाच्या पायरीवर आला की माझं वजन चुकायचं. ही पुण्याकडची नोकरीसुद्धा आप्पांच्या शब्दावर मिळाली.

त्या म्हशीचं मात्र नाव झालं. मामाच लोकांना सांगत सुटले. कुणी तिला मालकही शोधून दिला, कुणी ती एका शिंगाची होती म्हणालं. पण मला एक कळत होतं, आणि मामांना तर ते माझ्या आधी कळत असणार. त्या उन्हाळ्यात मोकळी म्हैस होतीच कुठं? सगळी जनावरं छावणीत बांधलेली होती. आम्ही दोघंच तर त्यांना पेंड घालून येत होतो.

म्हणून फोन वाजला की मी भितो. 'तू खरं सांगशील' — हे मामा सहज म्हणाले असतील? की इतकी वर्षं वाट बघून म्हणाले? मला ठरवता येत नाही.

थाप मारली तेव्हा ढब वाजलं होतं. मामांनी टाकीकडं पाहिलं, मग मागं चिमण्यांकडं, मग आरशात — माझ्याकडं. आणि ओरडले. पडताना मामा ओरडले असतील, पण हॉर्नच्या आवाजात माधवाला ऐकू गेलं नाही, असं सगळे धरून चालतात. हॉर्न मी त्यानंतर दाबला. पुढचं ओरडणं आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून.

छोटीनं भागतं, मामा. नातवाला सांगा. तेव्हाही भागत होतं. तुम्ही 'थांब' म्हणालात, ते मला ऐकू आलं होतं.