हात कानाला पुरत नाही

मंडळी, दुपारपासून जिवाला घोर लागलाय, म्हणून लिहितेय.

माझी नात सई साडेतीन वर्षांची. उद्या तिची शाळेत मुलाखत. एवढ्याशा पोरीला काय विचारणार, देव जाणे! जेवताना हळूच म्हणाली, "आजी, उद्या रंगांची नावं विसरले तर?"

तिला हसवायला मी माझी गोष्ट सांगितली. पन्नासच्या दशकातलं आमचं तळवडे गाव, सगळी शेतंच. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. हात पुरला की शाळेत नाव.

माझा पुरला नाही. वडील म्हणाले, "घ्या की गुरुजी, पोरगी हुशार हाय."

गुरुजी हसले. "हात पुरेपर्यंत खेळू द्या तिला."

मी उड्या मारत घरी आले होते.

सईनं लगेच हात डोक्यावरून नेला. बोटं कानापर्यंत पोचेनात. पुन्हा ताणून बघितलं. मग डोळे भरून आले.

"आजी, मी नापास झाले?"

तिला पोटाशी धरलं. तुम्ही काय सांगितलं असतं?