जिने पाठीला पाय लावला नाही

प्रभूचे उपकार मानायला लिहिते आहे, पण खरं सांगते, त्या आठवड्यात मी प्रार्थना करत नव्हते, भांडत होते. उपकारस्तुतीचा सण आठ दिवसांवर आला होता. भिंगारच्या आमच्या चर्चमध्ये जेवणापासून सजावटीपर्यंत सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. बाकं हलवायला सहाजण यायचे होते, एकही वेळेवर आला नाही. संतापून मी एकटीनंच बाक उचललं आणि कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीत उतरली. "तुझ्याच घराचं काम करत होते ना?" असं मी देवाला चांगलं मोठ्यानं विचारलं.

एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकून नस दबलेली दिसली. ऑपरेशन टळावं म्हणून नगरमधल्या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातानं मणके बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, हलक्या हातानं उपचार केले आणि बजावलं, "पाय बधिर व्हायला लागला तर माझ्याकडे येऊ नका. सरळ हॉस्पिटल गाठा." तीन दिवसांनी पाय बधिर झाला. मी कोणालाच सांगितलं नाही. 'हॉस्पिटल' हे काम सणानंतरच्या सोमवारच्या यादीत टाकलं आणि कामाला लागले.

कमर धरून चालताना पाहून धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, जवळच्या गावात एक पायाळू बाई आहे." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. रविवारच्या शाळेत मुलांना मी याच समजुतींवरून झापत आले होते. तरी जावेसोबत रिक्षानं गेले. गयाबाई अंगणात शेंगा तोडत बसल्या होत्या. त्या माझ्या पायांकडेच बघत राहिल्या.

"बाई, एक चप्पल कुठंय?"

मागे पाहिलं. चप्पल फाटकापाशी पडली होती. मला कळलंही नव्हतं.

"पडली असेल. तुम्ही पाय लावा, मला घाई आहे."

"पायाला चप्पल गेलेली कळंना, अन् वरनं मी लाथ घालू व्हय? ही उसण न्हाई. म्या न्हाई पाय लावणार."

"मग एवढ्या लांब कशाला आले मी?" मी ओरडलेच.

"वरडा, लई वरडा. पर दवाखान्यात जाऊन वरडा." मग जावेला म्हणाल्या, "ए पोरी, हिचं काय ऐकू नगं. रिक्षा हाय ना अजून?"

जावेला हसू फुटलं. मला दोघींचा भयंकर राग आला, पण जावेनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलंच.

तिथे पंजा वर उचलायला सांगितला, उचलेना. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. आणखी दाब पडला असता तर पंजा कदाचित कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

सण माझ्याशिवाय झाला. भेटायला आलेले सांगत, प्रभू परीक्षा घेतो. मी आणखीच चिडे. कसली परीक्षा? त्यानं एका जाणत्या माणसाच्या तोंडून मला सरळ सांगितलं होतं, मीच त्याला सोमवारची वेळ दिली. मग जिला मी मुलांसमोर अडाणी ठरवलं असतं, तिला त्यानं माझ्या वाटेत उभं केलं. याबद्दल त्याचे आभार मानू की त्याच्यावर चिडू, कळेना. चिडले, रडले, शेवटी थकून म्हणाले, "बरं, आता तू सांगशील तसं."

टाच अजून पूर्ण शुद्धीवर आलेली नाही. सकाळी पहिलं पाऊल जमिनीला लागलं, की मी गयाबाईंचं नाव घेऊन प्रभूचे उपकार मानते. मग घरात कोणावर तरी ओरडते. तेवढं अजून त्याच्या हाती सोपवायचं राहिलं आहे.