खंडेनवमीची तोफ

इथे परदेशात, आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये खंडेनवमीला शस्त्रं म्हणून जे मांडलं जातं, ते पाहून शत्रू हसूनच मरेल. मुलाचा लॅपटॉप, सुनेची भाजी चिरायची सुरी, दोन स्क्रूड्रायव्हर आणि मिक्सर. मिक्सर माझ्या आग्रहाने. त्याचा आवाज रणांगणाला शोभेल असा आहे. मुलगा तांजोंग पगारला ऑफिसात पळायच्या घाईत हात जोडतो आणि दर वर्षी तेच बजावतो, "आई, कीबोर्डवर कुंकू नको."

यंदा मात्र घरात तोफ होती.

तोफ माझ्या नातीची. नात शाळेत जाते आणि उरलेल्या वेळात प्लॅस्टिकचे रणगाडे जोडते. या खेपेला तिने एका जुन्या मोडक्या रणगाड्याचा खालचा सांगाडा घेतला, वरचा घुमट उडवला आणि दुसऱ्याच खोक्यातली लांब नळीची तोफ त्यावर बसवली. तीन बाजूंना पत्र्याच्या भिंती, वर छप्पर नाही.

"अर्धवट राहिलंय का गं?" मी विचारलं.

"नो, आजी. खऱ्या वॉरमध्ये असंच करायचे. टाइम नाही, नवीन टँक नाही. ओल्ड टँक घ्यायचा, बिग गन ठेवायची, गो लाह!"

'लाह' ही इथल्या बोलण्याची शेपटी; पण तोफेची ही तऱ्हा मला नवी नव्हती. नवी नवरी होऊन मी नगरला आले तेव्हा आमचे हे लष्करी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होते. लढाईचे दिवस. दसऱ्याला घरच्या माणसांना आत सोडत, तेव्हा असलंच एक धूड मी पाहिलं होतं. म्हाताऱ्या रणगाड्याचं इंजिन ठणठणीत, पण त्याची तोफ कुचकामी. म्हणून ती उतरवून दुसरी, मोठी तोफ पाठीवर चढवलेली. वर नुसतं आभाळ. मी शालूचा पदर सावरत विचारलं, "पावसात आतले लोक काय करतात?"

"भिजतात," हे म्हणाले.

यावर गप्प बसेल ती मी कसली! यांच्या साहेबांसमोर मी सुचवलं, की वर ताडपत्री बांधा आणि गाडी जरा धुऊन घ्या, चारचौघांत बरं दिसत नाही. ती बया, म्हणजे तेव्हाची मी, स्वतःला फार टापटिपीची समजायची. आदल्याच दिवशी, खंडेनवमीला, तिने यांचे नटबोल्ट पिळायचे सगळे पाने चिंच-मीठ लावून लखलखीत घासले होते. वरचं तेल गेलं, आणि दिवाळीपर्यंत पाने गंजून तांबडे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, पाना म्हणजे समई नव्हे."

मला वाटायचं, ती बया नगरलाच राहिली. कुठली राहतेय! आली की माझ्याबरोबर विमानात बसून.

आता नातीचं सांगते. जुरोंग ईस्टला एका मॉलच्या वरच्या मजल्यावर मॉडेलवाल्यांचं टेबल आहे. दर शनिवारी जमतात, बहुतेक सगळे रिटायर्ड अंकल. पोरगी कित्येक महिने काचेबाहेर उभी राहून बघायची. शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या अंकलने सांगितलं, एक मॉडेल करून आण, बरं असेल तर बस आमच्यात. ती तोफ या शनिवारी दाखवायची होती. तिला त्या टेबलावर एक खुर्ची हवी होती; बाकी वाढदिवस, फोन, काही नको.

आणि शुक्रवारी खंडेनवमी.

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी घरात खरं शस्त्र आलंय, पोरीचं उद्या मोठं काम आहे, तर मान तोफेचाच. उचलून बघते तर सगळी चिखलाने बरबटलेली! देवापुढे अशी ठेवायची? घेतला जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण, आणि नळाखाली छान खळखळून धुतली. नळीवर हळद-कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचं फूल वाहिलं. मिक्सर शेजारी अगदी गरीब दिसायला लागला.

नात शाळेतून आली. पाटासमोर उभी राहिली.

"आजी. व्हेअर इज द मड?"

"कुठला मड? घाण होती, ती धुतली."

"दॅट वॉज माय मड!"

तो चिखल तिने कित्येक संध्याकाळी बसून केला होता. खडूची पूड, त्यात रंग, बारीक ब्रशने एकेक थेंब. पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी घाबरून तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती आणली.

"आजी, एवढ्या छोट्या टँकवर हे दगड दिसणार," ती म्हणाली. मग माझ्या हातात ब्रश दिला. "तू लेफ्ट साइड कर. मी राइट. काही विचारू नकोस."

जन्मभर घासत आलेली बाई मी, दिवेलागणीपर्यंत बसून मळवत होते. कुंकू पुसायला गेले तर ते रंगात मुरलेलं. "राहू दे," ती म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

शनिवारी मीही तिच्याबरोबर गेले. टेबलावर त्या म्हाताऱ्या अंकलने चष्मा कपाळावर चढवला आणि तोफ डोळ्याजवळ नेली.

"हे लाल काय? ब्लड?"

"नो, अंकल. प्रेअर. माय ग्रँडमदर."

"वॉर ओव्हर ऑलरेडी. शी स्टिल प्रेइंग?" सगळे हसले. मग त्याने तोफ फिरवली आणि त्याचा चेहरा बदलला. या बाजूचा चिखल मागे उडालाय, म्हणाला, आणि त्या बाजूचा पुढे. चाकांवरचा एक पट्टा पुढे चाललाय, एक मागे. कसं?

डावी बाजू माझी. मी छताकडे बघायला लागले.

माझं नाव सांगून पोरीला सुटता आलं असतं. ती म्हणाली, "टर्निंग, अंकल. ऑन द स्पॉट."

"धिस टँक कॅनॉट टर्न लाइक दॅट. ओल्ड गिअरबॉक्स."

"ओल्ड टँक, न्यू गिअरबॉक्स. दे चेंज्ड. वॉरटाइम लाह, अंकल."

अंकल फिस्सकन हसला, आपलं रंगांचं खोकं कडेला सरकवलं आणि पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. नात बसली. एवढी ताठ मी तिला परीक्षेतही बसलेली पाहिली नव्हती.

पलीकडे अजून एक खुर्ची रिकामी होती. मी पर्स मांडीवर घेऊन टेकणार, तेवढ्यात मागे न बघताच ती म्हणाली, "आजी, खाली जाऊन कॉफी पी."

मी गेले. जाता जाता एका अंकलच्या विमानावरची धूळ पुसायला हात शिवशिवत होते, पण आवरले.