आईला ऐकवलेला आवाज

माझं काम उंदरांच्या मेंदूतल्या पेशी ऐकण्याचं. ठाण्यापलीकडच्या एका प्रयोगशाळेत आम्ही पांढऱ्या उंदरांना पार्किन्सनसारखा आजार देतो. मग मेंदूत केसाएवढी बारीक तार घालून पेशींचे विजेचे ठोके आवाजात बदलून नोंदवतो. निरोगी उंदराच्या पेशी आपापल्या चालीने, विस्कळीत टिकटिकतात. आजारी उंदराच्या मात्र एकदम मिळून उसळतात, गप्प होतात, पुन्हा उसळतात.

कामतघरच्या आमच्या खोलीत आईचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हाच मला पार्किन्सनची शंका आली. डॉक्टरांनीही तेच निदान केलं, गोळ्या लिहून दिल्या. आईने त्या फळीवर ठेवल्या त्या ठेवल्याच. "अशक्तपना हाय," म्हणायची. कामावरून येताना मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की तिला कसं समजवायचं ते मी मनात जुळवायचे आणि घरी आल्यावर नुसती ओरडायचे.

एका रविवारी मी मोबाइलवर दोन्ही आवाज लावले. "हा धडधाकट उंदराचा. हा आजारी उंदराचा. तुझ्याही डोक्यात असंच काहीतरी चाललंय."

शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात ऐकू येईना, म्हणून तिने मोबाइल कानाशी धरला. दुसरा आवाज पुन्हा लावायला सांगितला.

"त्याला ह्यो रोग झाला कसा?"

"आम्हीच देतो. गुंगी देऊन मेंदूत विष टोचतो."

"मंग बरा करता?"

"नाही. काम झालं की मारावं लागतं."

तिने मोबाइल खाली ठेवला. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी गॅलरीत जायचे, आत यायचे, उगाच भांडी लावायचे, परत गॅलरीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पाणी मागितलं, गोळी मागितली. "तुझ्यावरचा राग गेला न्हाय माझा," म्हणाली. "पन मी ही न खाऊन त्या मुक्या जीवाला काय मिलनार?"

सुरुवातीला तिला मळमळायचं. हळूहळू हाताची थरथर कमी झाली, ब्लाउजची हुकं तिची ती लावू लागली. आजार गेलेला नाही, जाणारही नाही.

मी कामावरून आले की ती विचारते, "आज टोचलं का कुनाला?" टोचलं असेल तर मी हो म्हणते. पण बसून नाही सांगता येत. चपला पायातच असतात, दारातच उभी राहते, आणि सांगून झालं तरी पर्स खांद्यावरून काढायचं सुचत नाही.