वीर निघाला

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा तिसरा शिमगा. मला पलटणीतून सुट्टी मिळाली होती. नाशिकरोडला उतरलो, तर फलाटावर किसन, तोही सुट्टीवर. माझा शाळेपासूनचा दोस्त. मी इन्फंट्रीत, तो सॅपर. म्हणजे सुरुंग पेरणारा आणि काढणारा. लढाई संपल्यावरही तो महिनोन् महिने बॉर्डरच्या शेतांतले सुरुंगच काढत होता. गावापर्यंत चालताना तो पायवाट सोडून एकदाही बाजूला गेला नाही. मी चेष्टा केली तर म्हणाला, "जमीन गप असली की मला भ्या वाटतं, गड्या." मी हसलो. तो हसला नाही.

आमचं गाव देवळालीकडच्या फायरिंग रेंजच्या कडेला. तोफांच्या आवाजानं आमच्याकडे पाळण्यातलं लेकरूही जागं होत नसे. कधीमधी एखादा गोळा फुटतच नाही, मातीत रुतून राहतो. आम्ही फौजी त्याला ब्लाइंड म्हणतो.

होळी गावाबाहेरच्या माळावर पेटली. धुळवडीला सकाळी त्याच निखाऱ्यांवर पाणी तापवून आंघोळ करायची रीत. आमचा तिसरा दोस्त रामदास, शेतकरी गडी, भारी हौशी. सासुरवाडीचा तांब्याचा हंडा त्यानं तीन दगडांवर चढवला होता. भोवती बायाबापड्या, लेकरं, गडीमाणसं. कुणी राख फासत होतं, कुणी शिव्या घालत होतं. लई मजा चालली होती.

किसन हात शेकायला खाली बसला आणि तसाच राहिला.

"रामदास, हा तिसरा दगड कुठनं आणला?"

"नांगराला लागला. लय जड हे. का रे?"

तो दगड नव्हता. वाळलेल्या मातीचा पोपडा उडाला होता आणि खालून तोफगोळ्याच्या बुडाशी असतो तो तांब्याचा पट्टा चमकत होता. ब्लाइंड शेल. निखाऱ्यात.

किसन उठून ओरडला, "बाँब! बाँब हाय! मागं सरा!"

शिमग्याचा दिवस. लोकांना ऐकू आलं 'बोंब'. अख्ख्या माळानं तोंडावर हात मारून बोंब ठोकली, रामदास सगळ्यांत पुढं. किसन जितका जीव तोडून ओरडे, तितकी बोंब वाढे. असला संताप आला मला!

किसननं माझा दंड धरला. आवाज एकदम ऑर्डरचा.

"सगळ्यांना मारुतीच्या देवळामागं ने."

"काय सांगून?"

"वीर निघाला म्हण."

वीर म्हणजे घराण्यातला लढाईत कामी आलेला पुरुष. धुळवडीला त्याचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरची छोटी प्रतिमा, वाजतगाजत गोदावरीवर न्हायला नेतात. वीर निघाला म्हटलं की आमच्याकडचा माणूस जेवता जेवता उठतो. मी ओरडलो, "वीर निघाला! मारुतीपाशी वीर निघाला!" बघता बघता माळ रिकामा झाला.

देवळाच्या भिंतीआड पोचून मी वळून पाहिलं. रामदास मागं फिरला होता, हंड्यासाठी. किसन त्याच्यामागं धावत होता.

"सोड! रामद्या, हंडा सोड!"

त्यानं रामदासला बांधाच्या खळग्यात ढकललं आणि स्वतः त्याच्या अंगावर पडला. तेवढ्यात शेल फुटला.

रामदासला साधा ओरखडा नव्हता. किसनची पाठ मी पाहिली. त्याबद्दल अधिक सांगत नाही. लढाईत पुष्कळ पाहिलं होतं, पण त्या दिवशी मी माळावर बसून लहान पोरासारखा रडलो.

पुढच्या धुळवडीला मी सुट्टी मागून घेतली. किसनच्या आईनं त्याचा टाक घडवला होता. गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, "लढाईत कुठं गेला तो? मग वीर कसा?"

म्हातारी ताडकन म्हणाली, "तू जिता हाय ना? मग गप ऱ्हा."

टाक रामदासनं छातीशी धरला. त्याला मान वर करवत नव्हती. हलगी वाजायला लागली, तशी म्हातारी माझ्याकडं वळली.

"मागल्या साली हाळी तूच दिली व्हती. आता बी दे."

ऑर्डर ती ऑर्डर. मी माळाकडं तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "वीर निघाला! आपला किसन निघाला!"